पॉइंट कुणाकुणाचा

बोटीवर दोन फिश फाइंडर असले की ते एकमेकांना जोडायचे, आणि एकावर मारलेला पॉइंट आपोआप दुसऱ्यावर दिसू द्यायचा, याबद्दल कित्येक वर्षं माझ्या मनात शंका नव्हती. माझा धंदाच तो. ससून डॉक, भाऊचा धक्का, करंजा असं फिरून मी मासेमारी बोटींवर जीपीएस, फिश फाइंडर, वायरलेस, एआयएस बसवतो. एखादा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, म्हणाला, ‘वायरमन, दोन्ही वेगळे राहू द्या,’ की मला तो जुन्या वळणाचा माणूस वाटायचा. दोन यंत्रं घ्यायची, त्यांच्यात केबल टाकायची नाही, आणि मग एकाचं दुसऱ्याला कळत नाही म्हणून ओरडायचं, हा काय प्रकार?

आज मी तसं म्हणत नाही. मत एका झटक्यात बदललं नाही. एक धक्का डॉकवर बसला, दुसरा गावाकडे डिंभे धरणाच्या पाण्यावर. हे लिहून काढतोय, कारण डॉकवर असल्या गोष्टी बोलायला कुणाला सवड नसते, आणि गावाकडे बोलावं तर समोरच्याने ट्रॉलर पाहिलेला नसतो.

गावाकडच्यांसाठी आधी यंत्राचं सांगतो. बोटीच्या तळाला एक ट्रान्सड्यूसर असतो. तो आवाजाचा ठोका पाण्यात सोडतो, ठोका तळावर आपटून परत येतो, आणि जायला-यायला लागलेल्या वेळावरून यंत्र खोली काढतं. मधे मासळीचा थवा आला तर त्याचाही पडसाद येतो, पडद्यावर डाग उमटतो. ताजी माहिती उजव्या कडेला उमटते आणि डावीकडे सरकत जाते. म्हणजे डावीकडचा डाग तुम्ही बघता तेव्हा बोट त्याच्यावरून पुढे गेलेली असते. चांगला तांडेल म्हणून घाईने बटण दाबत नाही. कर्सर मागे नेतो, नेमका डागावर ठेवतो आणि मग पॉइंट मारतो. पॉइंट म्हणजे अक्षांश, रेखांश, वर एक नाव आणि एक छोटं चिन्ह. मासळीला एक चिन्ह, बुडालेल्या बोटीला किंवा खडकाला दुसरं. बऱ्याच यंत्रांत त्यासाठी कवटी असते.

आता दोन संच जोडायचे म्हणजे काय? खोली, वेग, स्थान एवढीच माहिती फिरवायची असेल तर एनएमईए 2000 ची एक मुख्य केबल बोटभर टाकतात, दोन्ही टोकांना 120 ओहमचा टर्मिनेटर लावतात, आणि जिथे यंत्र असेल तिथे टी घालून फाटा काढतात. टर्मिनेटर विसरला की यंत्रं एकमेकांना कधी दिसतात, कधी गायब होतात, आणि माझा फोन वाजत राहतो. सोनारचं चित्र मात्र या तारेत मावत नाही, त्याला इथरनेटची केबल लागते. एकाच कंपनीचे दोन संच त्या केबलने जोडले की पॉइंट आपोआप जुळतात. सुकाणूसमोरच्या माणसाने मारलेला पॉइंट मागे विंचकडे तोंड करून उभ्या असलेल्याच्या पडद्यावर त्याच क्षणी येतो. पहिल्यांदा बघणारा खलाशी हमखास हसतो. मला त्या हसण्याचा फार अभिमान वाटायचा.

या जोडणीच्या बाजूने माझ्याकडे कारणं होती, आणि ती आजही खोटी नाहीत. समुद्रावर एक संच मेला तर दुसऱ्यात सगळं शाबूत असतं. खाऱ्या हवेत पिना गंजतात, पडद्यात पाणी जातं, तेव्हा वर्षानुवर्षांचे पॉइंट एकाच डब्यात ठेवणं वेडेपणाच. दुसरं, रात्री तांडेल झोपला की सुकाणू ज्याच्या हातात असतं, त्याला खडक कुठे आहे ते दिसलंच पाहिजे. तिसरं कारण मी जरा छाती पुढे काढून सांगायचो. हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था 1999 पासून समुद्राची माहिती देते. उपग्रहांवरून पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्य बघून मासळी कुठे सापडण्याचा संभव आहे, ते ती अक्षांश-रेखांशांसह कळवते. कुठल्या बंदरापासून कुठल्या दिशेला, किती किलोमीटरवर, किती खोलीत, हे सगळं त्यात असतं आणि सगळ्यांना फुकट. सरकार आकाशातून बघून पॉइंट वाटतंय आणि तुम्ही आपल्याच बोटीवर लपवता?

त्या सल्ल्यातही एक गोम आहे, ती जाता जाता सांगतो. तिथले आकडे अंश, मिनिटं, सेकंद असे असतात. बोटीवरचा संच बहुधा अंश, मिनिटं आणि मिनिटांचे दशांश मागतो. 57 मिनिटं 30 सेकंद हे कुणी 57.30 मिनिटं म्हणून घातलं की अक्षांशात 0.2 मिनिटाचा फरक पडतो. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, 1852 मीटर. म्हणजे बोट साधारण 370 मीटर बाजूला जाते आणि तांडेल सरकारला शिव्या घालतो. आकडा वाटला म्हणजे जागा वाटली, असं होत नाही. तेव्हा मी याला शिकवण्यातली उणीव समजत होतो. या गोष्टीचं मूळ किती खोल जातं, ते नंतर कळलं.

वेगवेगळ्या कंपन्यांचे संच जोडताना तर हे रोजच दिसतं. ते एकमेकांशी बोलत नाहीत. मग मेमरी कार्डावर जीपीएक्स फाइल काढायची आणि दुसऱ्यात घालायची. जागा बरोबर येते, नाव येतं, पण चिन्हं प्रत्येक कंपनीची वेगळी. न ओळखलेल्या चिन्हाच्या जागी नवा संच सरसकट एक साधा ठिपका ठेवतो. एका बोटीवरच्या कवट्या दुसऱ्या बोटीवर गेल्या आणि सगळ्यांचे ठिपके झाले. तिथे मासळीचेही ठिपकेच होते. पुढे काय झालं असेल ते जाळ्यांची किंमत माहीत असणाऱ्याला सांगायला नको. तेव्हापासून मी नावातच लिहायला सांगतो, ‘धोका’ किंवा ‘खडक’. चिन्हावर भरवसा नाही.

इथपर्यंत माझं मत जागचं हललं नव्हतं. नीट वाटा, नाव घालून वाटा, पण वाटा. ते हललं एका तांडेलामुळे.

बोट मालकाची, तांडेल पगार आणि हिश्शावर. मालकाने नवे दोन संच घेतले, मी बसवले, जोडले. तांडेलाकडे आधीच्या बोटींवरचे पॉइंट एका कार्डावर होते. वहीत लिहिलेले त्याहून जुने. वहीची पानं डिझेलने पिवळी पडलेली, कडेला खोली वावांत लिहिलेली. त्याने सगळं नव्या संचात भरलं. भरताना मी शेजारी बसून आकडे वाचून दाखवले. दोन्ही पडदे झाडावर काजवे बसावेत तसे भरून गेले. मालक येऊन बघून गेला, खूश होऊन चहा पाजला.

पुढच्या हंगामात तांडेल बदलला. हिश्शावरून काही बिनसलं होतं, खरं-खोटं त्यांचं त्यांना माहीत. जुना तांडेल मला धक्क्यावर भेटला. म्हणाला, ‘वायरमन, माझे पॉइंट काढून द्या.’ मी म्हटलं, कार्ड आहे ना तुमच्याकडे? तर म्हणाला, ‘माझ्याकडे आहेत हो. त्यांच्याकडचे काढा.’

मी काढू शकत होतो का? बोट मालकाची, संच मालकाचे, पैसे मालकाने दिलेले. आणि जोडलेल्या संचांची एक खोड अशी, की एकावर पुसलं की दुसऱ्यावरूनही पुसतं. तांडेलाने निघताना रागाने सगळं पुसलं असतं तर मालकाच्या हातात काहीच राहिलं नसतं. तो तसं वागला नाही. मालक म्हणाला, ‘माझ्या डिझेलवर मिळालेले पॉइंट माझे.’ तेही काही उगाच बोललेलं नाही. पण त्या वहीतले पॉइंट कुठल्या कुठल्या बोटींवरच्या डिझेलवर मिळाले होते, त्या मालकांचा हिशेब कुणी केला? नव्या तांडेलाला कमी हिश्श्यावर ठेवता आलं, कारण जुन्याची अक्कल आता पडद्यावर होती.

त्या दिवशी मला कळलं की ‘जोडा’ हे बटण फक्त माहिती इकडून तिकडे नेत नाही. माणसाकडे जे होतं ते वस्तूकडे जातं, आणि वस्तू ज्याची त्याच्याकडे. बोट विकली की पॉइंटसकट विकली जाते. मी ते बटण दाबताना दोघांपैकी एकालाही विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं त्यात काही आहे, हेच माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. धोक्याच्या जागा सगळ्यांना, मासळीच्या जागा ज्याच्या त्याला, असा सरळ नियम मनाशी केला. बुडालेली बोट, खडक, तुटून पडलेले दोर, हे समुद्रावर सगळ्यांचं आहे. मासळीचा ठाव ज्याने शोधला त्याचा. ऐकायला किती छान वाटतं. हा नियम मोडला आमच्या गावच्या पाण्याने.

आमचा आंबेगाव तालुका. तालुक्याला ज्याचं नाव, ते जुनं आंबेगाव आज डिंभे धरणाच्या पाण्यात आहे आणि कारभार घोडेगावातून चालतो. आहुप्याच्या बाजूला उगवणारी घोड नदी डिंभ्याला अडवली. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूचं नाव दिलं. महाळुंगे पडवळचा हा मुलगा 12 डिसेंबर 1930 ला मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झाला आणि गेला. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. त्यांतलं डिंभे सगळ्यांत मोठं, उपयुक्त साठा साडेबारा टीएमसीच्या आसपास. पाणी खाली जातं शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत. आवर्तन सुटलं की आमच्याकडचं पाणी उतरतं, आणि उन्हाळ्याच्या शेवटी बुडालेल्या गावांच्या भिंती, पायऱ्या, विहिरींचे कठडे वर येतात.

तिथले लोक महादेव कोळी. मुंबईत कोळी म्हटलं की लोकांना समुद्र आठवतो. आमचे कोळी डोंगरावरचे. भात, नाचणी, वरई, हिरडा यांच्यावर जगणारे. धरणाने खाचरं घेतली तेव्हा त्यांना मासेमारी शिकावी लागली. सुरुवातीला ट्रकच्या ट्यूबवर बसून, हातांनी पाणी मारत जाळी टाकायची. शाश्वत ही संस्था, कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांची, या लोकांच्या पाठीशी उभी राहिली. उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवरचा हक्क, डोंगरउतारावर भातखाचरं पाडण्याची पडकई, आणि जलाशयातल्या मासेमारीसाठी आदिवासींची स्वतःची सहकारी संस्था, ही त्यांची कामं. 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक शाश्वतला मिळालं. मी तेव्हा ससून डॉकवर केबल सोलत होतो. बातमी गावाकडून फोनवर कळली.

समुद्रावर जून-जुलैत मासेमारी बंद असते. बोटी वर ओढल्या की माझं काम उलट वाढतं. पण बंदी लागता लागता थोडे दिवस गावाला जायला मिळतात, आणि धरण तेव्हाच तळाला गेलेलं असतं. एका वर्षी एका नाखवाने टाकून दिलेला लहान फिश फाइंडर मी दुरुस्त करून, बॅटरीसकट, गावाला नेला. बेत असा की उघड्या पडलेल्या विहिरी, झाडांचे बुंधे, भिंती पायी फिरून पॉइंट मारायचे, दिवाळीत पाणी भरल्यावर होडीतून त्यांच्यावरून जायचं, आणि ती फाइल सगळ्या मच्छीमारांना द्यायची. जाळी फाटणार नाहीत. कुणाचं काय जाणार होतं?

चुलते बरोबर आले. तात्यांना यंत्राचं अप्रूप नव्हतं. ते चिखलातून चालत सांगत होते, ‘हितं आपलं खाचर व्हतं. त्या बांधाला आंबा. तिकडं विहीर, तिला खालच्या अंगाला झिरा.’ मी प्रत्येक जागी उभा राहून बटण दाबत होतो. जीपीएसची चूक मोकळ्या आकाशाखाली तीन ते पाच मीटर धरतात. आमच्या खोऱ्यात दोन्ही बाजूंनी डोंगर, त्यामुळे आकाश कमी आणि चूक जास्त. आणि विहीर जेमतेम वीस फूट रुंद. म्हणजे माझा पॉइंट विहिरीत पडला की शेजारच्या बांधावर, हे यंत्राला सांगता येत नव्हतं. तात्यांना येत होतं.

दिवाळीत पाणी भरलेलं होतं. होडीवर ट्रान्सड्यूसर बांधला आणि खोली बघितली, तर आकडे जास्त वाटले. संच समुद्रावरचा, मी त्यातली सेटिंग खाऱ्या पाण्याचीच ठेवली होती. खाऱ्या पाण्यात आवाज गोड्या पाण्यापेक्षा साधारण तीन टक्के वेगाने जातो. यंत्राला वाटत होतं आवाज वेगाने गेला, म्हणून ते तळ लांब दाखवत होतं. तीस मीटरला जवळपास एक मीटरची तफावत. ते सुधारलं. पण त्याहून मोठी गोष्ट सुधारता येण्यासारखी नव्हती. समुद्रात भरती-ओहोटी असते, ती काही तासांत जागेवर येते. धरणात दिवाळीला लिहिलेली अठरा मीटर खोली मार्चच्या आवर्तनानंतर साफ खोटी ठरते. खोली लिहायची तर त्या दिवशीची धरणाची पातळी शेजारी लिहायला हवी, पातळीतून खोली वजा केली की तळाची कायमची उंची निघते. एवढी वजाबाकी जाळं टाकायच्या वेळी कोण करतं? तात्या करत होते, आकड्यांशिवाय. ‘देवळाची पायरी बुडली की विहिरीवर जाळं टाकायचं, आधी टाकशील तर आंब्याच्या बुंध्याला अडकंल.’ त्यांच्या पॉइंटमध्ये जागा, पातळी आणि मोसम एकत्रच होते.

मग माझा सरळ नियम कुठे मोडला? विहीर, बुंधा, भिंत, या सगळ्या धोक्याच्या जागा. माझ्या हिशेबाने त्या सगळ्यांना द्यायच्या. पण मासा थांबतो कुठे? नेमका तिथेच. उघड्या गाळावर त्याला काय काम? बुंध्याच्या आडोशाला मरळ, भिंतीच्या कपारीत वाम, कठड्यापाशी चिलापी. मी ‘धोका’ म्हणून फाइल वाटली असती तर मासळीचा नकाशाच वाटला असता, फक्त नाव वेगळं. समुद्रावरही हेच आहे, बुडालेल्या बोटीभोवती मासळी जमते आणि जाळंही तिथेच फाटतं. इतकी वर्षं कवटी आणि मासा ही दोन चिन्हं वेगळी बघून मला वाटत होतं की जागाही वेगळ्या आहेत.

फाइल तयार होती. पुतण्या म्हणाला, ‘काका, ग्रुपवर टाकतो.’ ग्रुपवर मच्छीमार संस्थेचे सभासद होते, पण त्यांचे मित्रही होते, मासे घ्यायला येणारे व्यापारी होते. पलीकडे जुन्नर तालुक्यात माणिकडोह आणि पिंपळगाव जोग्यावर मासेमारी करणाऱ्या ओळखीच्या पोरांनीही ‘आम्हाला पाठव, आम्ही आमच्याकडची बनवतो’ असं कळवलं होतं. पोरं चांगली. कालव्यातून आमचं पाणी येडगावला जातंच की. पण धरणातल्या मासेमारीचा ठेका ज्या त्या धरणाचा. कटला-रोहूचं बीज, बोटुकली सोडायला पैसे कुणी भरले? ठेक्याची रक्कम कुणी भरली? एखाद्या वर्षी धरण भरलं नाही तर नुकसान कुणाचं? फाइल एकदा ग्रुपवर गेली की ती परत बोलावता येत नाही. समुद्रावरच्या जोडलेल्या संचात निदान एकावर पुसलं तर दुसऱ्यावर पुसतं. फोनमध्ये तेवढीही सोय नाही.

मी पुतण्याला थांबवलं. तो चिडला. त्याचं म्हणणं असं, की तात्यांच्या पिढीला पाण्याखालचं गाव ठाऊक आहे, कारण त्यांनी ते नांगरलंय. आम्ही जन्मलो तेव्हा तिथे पाणीच होतं. तात्या गेले की विहीर कुठे ते कुणाला कळणार? तुम्ही लपवा म्हणता, म्हणजे ते मातीतच जाऊ दे म्हणता. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि पूर्ण उत्तर आजही नाही. लपवून ठेवलेलं ज्ञान म्हाताऱ्याबरोबर जातं, हे तो खरंच बोलत होता.

वाट दाखवली ती वडिलांच्या धंद्याने. आमच्या आंबेगाव, जुन्नर, खेड, मावळातले कितीतरी लोक मुंबईत डबेवाले. 1890 पासून चाललेला हा धंदा. वडीलही त्यातलेच. डब्याच्या झाकणावर रंगाने खुणा असतात, कुठल्या स्टेशनला उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर. ती खूण उघड्यावर असते, लोकलच्या डब्यात कुणीही बघावी. वाटेत हात बदलणाऱ्या प्रत्येकाला ती वाचता आलीच पाहिजे, नाहीतर डबा पोहोचणार नाही. तरी त्या खुणेवरून कुणी कुणाचं गिऱ्हाईक पळवत नाही, कारण टोळीतली मिळकत सगळ्यांत सारखी वाटली जाते. एकाचा डबा हरवला तर तो सगळ्या टोळीच्या अंगावर. खूण सगळ्यांची, कारण नफा-तोटाही सगळ्यांचा.

मी आतापर्यंत विचारत होतो, काय वाटायचं आणि काय झाकायचं. विचारायला हवं होतं, कुणाशी. जाळं फाटलं तर ज्याच्या खिशाला चाट बसते, बीज सोडताना ज्याने पैसे घातले, पाणी आटलं तर जो माझ्याबरोबर बसून राहतो, त्याला माझे पॉइंट मिळाले पाहिजेत, सगळेच्या सगळे, खडकाचे आणि मासळीचेही. जो फक्त फायद्याच्या दिवशी येतो त्याला नाही. मालक आणि तांडेल यांच्यात तोटाही वाटला जात असेल तर जोडा दोन्ही संच. तोटा तांडेलाचा आणि पॉइंट मालकाचे, अशी व्यवस्था असेल तर ती केबल मी कुणाला न विचारता टाकणार नाही.

यावर हरकती येतील, आणि त्या मीच मांडतो. जीव जाण्याचा प्रश्न असेल तिथे हा हिशेब चालत नाही. बोट फुटेल असा खडक दिसला तर तो वायरलेसवर ओरडून सांगायचा, ओळखीच्याला आणि अनोळखीलाही. तिथे मासळी मिळते की नाही, हा विचार त्या वेळी पापच. दुसरी हरकत, इन्कॉइस सगळ्यांना वाटतेच की. हो, पण तिची माहिती दोन-चार दिवसांत शिळी होते. पाणी हलतं, तापमान बदलतं. बुडालेली विहीर कुठे जात नाही. शिळी न होणारी माहिती देताना हात आखडता घ्यावा, असं मला आता वाटतं. तिसरी हरकत, संस्थेतही गट असतात, रुसवे असतात, कुणी बाहेरच्याला विकेल. विकेलही. पण मग ते संस्थेचं दुखणं असतं आणि संस्थेच्या बैठकीत त्यावर बोलता येतं. इंटरनेटवर पडलेल्या फाइलबद्दल बोलायला बैठक कुणाची बोलवायची?

डिंभ्याच्या फाइलचं पुढे असं झालं. ती ग्रुपवर गेली नाही. कार्ड संस्थेच्या सभासदांतल्या जाणत्या माणसाकडे दिलं. प्रत्येक पॉइंटच्या नावात आकड्याऐवजी तात्यांनी सांगितलेलं नाव आहे, खाचराचं, विहिरीचं, आंब्याचं, आणि शेजारी कुठली पायरी किंवा कठडा बुडल्यावर तिथे जायचं ते. ओढे जिथे धरणाला मिळतात आणि पावसाच्या सुरुवातीला मासा वर चढतो, त्या जागांचे पॉइंट मी मारलेच नाहीत. त्या सभासदांनाही तोंडीच ठाऊक राहू देत, असं तात्या म्हणाले, आणि या बाबतीत मी त्यांच्याशी वाद घातला नाही. पुतण्या अजून म्हणतो की मी अर्धवट काम केलं. उघड्यावर आणायला माझी ना नाही, फक्त ते त्याने स्वतः संस्थेच्या बैठकीत उभं राहून मागावं. अजून त्याने मागितलेलं नाही. मागितलं आणि बैठकीने दिलं, तर कार्डावरची फाइल मीच त्याच्या फोनमध्ये घालून देईन.

डॉकवर मी अजूनही संच जोडतो. केबलची किंमत सांगण्याआधी मालक आणि तांडेल दोघांना समोर उभं करतो आणि विचारतो, तांडेल गेला तर पॉइंट कुणाचे? बहुतेक वेळा दोघं एकमेकांकडे बघतात, कारण हे कधी ठरलेलंच नसतं. ठरलं तर बिलाच्या मागे दोन ओळी लिहून सह्या घेतो. तांडेलाचे आधीचे पॉइंट वेगळ्या कार्डावर काढून त्याच्या हातात देतो, मगच इथरनेटची केबल खोचतो. नाही ठरलं तर टर्मिनेटर लावलेली साधी तार टाकतो, खोली आणि स्थान दोन्हीकडे दिसतं, पॉइंट मात्र ज्याच्या त्याच्या पडद्यावर राहतात. या विचारण्यापायी माझी एक-दोन कामं दुसऱ्या वायरमनकडे गेली. तो विचारत नाही, स्वस्तही करतो. मालकांना ते सोपं पडतं. तांडेल मात्र हल्ली माझं नाव घेऊन मालकाला पाठवतात.